नटावरची पिवळी रेघ

माय, तुझी नात आज सकाळी मोटारसायकलवर बसून तुर्कस्तानला गेली. म्हणजे पोचायची आहे अजून. आत्ता ती फार तर जालना ओलांडून मेहकरच्या आसपास कुठंतरी असेल. पण माझ्या पोटात ती एकाच वेळी सगळीकडं आहे. नेपाळच्या घाटात आहे, तिबेटात जिथं म्हणे माणसाला श्वास पुरत नाही तिथं आहे, किर्गिझस्तान नावाच्या देशात आहे, जो मला नकाशावर चष्मा लावूनही पहिल्यांदा सापडला नव्हता. तिथून उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशियाचा एक कोपरा, जॉर्जिया आणि मग तुर्कस्तान. हे सगळे देश मी परीक्षेला बसायचं असल्यासारखे पाठ केले. वाटलं होतं, पाठ केले की भीती कमी होईल. कमी तर झाली नाहीच, आता प्रत्येक देशाची वेगळी वेगळी भीती वाटते.

तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मी आयटीआयला होतो, एवढंच तुला माहीत. पुढचं थोडक्यात सांगतो. वाळूजला मोटारसायकली बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तिथंच केस पिकले आणि तिथूनच रिटायर झालो. गारखेड्यात छोटं घर बांधलं. आपलं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झालं. तुझी सून चांगली आहे, कमी बोलते, आणि जे बोलते ते नेमकं मला लागतं. एकच लेक. आपल्या घरात आता एकही मेंढरू नाही. तुझी एक घोंगडी आहे, ती सुनेनं डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवली आहे. दिवाळी झाली की तू मेंढरांच्या पुढं तट्टू हाकत निघायचीस ते थेट पावसाच्या तोंडावर परतायचीस, हे मी लेकीला लहानपणी इतक्या वेळा सांगितलं की तिला ते गोष्टीसारखं पाठ आहे. आता वाटतं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. रविवार होता. ती पुण्याहून आलेली, तिथं कॉम्प्युटरवर कसलीशी नोकरी करायची. सून भाकरी करत होती आणि ही ओट्यावर चढून पाय हलवत बसलेली, एवढी मोठी घोडी झाली तरी. म्हणाली, पप्पा, मी नोकरी सोडली, मी गाडीवर तुर्कस्तानला जाणार आहे. मला आधी वाटलं, टुरिस्टवाल्यांची बस असेल. मग तिनं नीट सांगितलं. काठमांडूपर्यंत एकटी, तिबेटात एकट्यानं जाऊ देत नाहीत म्हणून तिथं दहा-बारा जणांचा गट, आणि त्याच्यापुढं ज्याचं त्यानं. सुनेनं फक्त विचारलं, जेवायला काय मिळतं तिकडं? मी उठलो, शेगडीपाशी गेलो आणि गॅस बंद केला. भाकरी तव्यावर तशीच. सून म्हणाली, अहो, भाकरी कच्ची राहिली ना. मी गॅस का बंद केला ते मला आजही सांगता येणार नाही. घरात काहीतरी पेटलंय आणि ते विझवलं पाहिजे, असं काहीतरी हाताला वाटलं असावं.

त्यानंतर महिनाभर मी तिच्याशी भांडलो. व्हिसावरून भांडलो, पावसावरून भांडलो, भाषेवरून भांडलो. तिकडं गाडी बंद पडली तर तू काय हातवारे करणार का, असं विचारलं. एकटी पोरगी रानात तंबू ठोकून राहणार, हेही बोललो. मला भीती वाटते, हे एक सोडून बाकी सगळं बोललो. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडं उत्तर तयार असायचं आणि त्यामुळं मला आणखीच राग यायचा. त्यात गाडी घेतली ती दुसऱ्या कंपनीची. जन्मभर बापानं ज्या गाड्या जोडल्या त्या सोडून ही शेजारच्याच्या दारातून गाडी घेऊन आली. विचारलं तर म्हणते, तुमच्या कंपनीच्या गाड्यांचे सगळे दोष मी लहानपणापासून तुमच्याच तोंडून जेवताना ऐकलेत. सून तोंडाला पदर लावून हसली. मी दोन दिवस त्या गाडीकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी बघितलं. मग मला सुटका दिसली. मी सांगून टाकलं, जायचं असेल तर जा, पण गाडी मी तयार करणार, तिला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. तुझासुद्धा नाही. ती लगेच हो म्हणाली, बाप मानला म्हणून खूश झाली. बाप मानला-बिनला नव्हता. बापाला फक्त भीतीला कुठंतरी कामाला लावायचं होतं. अंगणात ताडपत्री अंथरली, गाडी स्टँडवर चढवली आणि सुरू झालो. चेन नवी, चेन फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं नवी, दोन्ही टायर नवे. क्लचची केबल रस्त्यात तुटली तर पोरीला ती थंडीत ओवत बसावं लागू नये म्हणून पहिल्या केबलच्या अंगाला दुसरी केबल आधीच ओवून टेपनं बांधून ठेवली, जुनी काढायची न् हिचं टोक अडकवायचं, की चालली. चिकलठाण्याच्या वेल्डरकडून पेट्या बसवायला लोखंडी सांगाडा करून घेतला. तो मला आवडला नाही म्हणून पुन्हा करून घेतला. प्रत्येक नट कसताना मला तो नट कुठल्या तरी देशात ढिला होताना दिसायचा. हँडलचा नट मला तिबेटातल्या उतारावर दिसायचा. ब्रेकचा बोल्ट मला बर्फावर दिसायचा. सून चहा घेऊन यायची, कप खाली ठेवायची, थोडा वेळ माझ्याकडं बघायची आणि आत जायची.

आता तुला माझं कारखान्यातलं काम सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोटारसायकलची लाइन असते. पट्ट्यावरून सांगाडा पुढं सरकतो आणि प्रत्येक माणूस त्याला आपापलं एकच काहीतरी लावतो. मागच्या चाकाचा जो मोठा नट असतो, तो माझ्या अलीकडचा माणूस कसायचा. गाडी माझ्यापुढं आली की मी त्या नटाला पाना लावून तो एकदा तपासायचा आणि पिवळ्या रंगाच्या पेननं नटापासून ते शेजारच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट पुढं कधी जरासा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. रेघ सरळ म्हणजे नट जागेवर. ब्रेकचे, हँडलचे बोल्टसुद्धा पुढं पुढं माझ्याकडंच आले. सगळे कसून यायचे, मी रेघा ओढायचो. किती गाड्यांवर माझी रेघ फिरत असेल, याचा हिशोब नाही. रस्त्यात सिग्नलला थांबलो की मी पुढच्या गाडीचं मागचं चाक बघतो. सून म्हणते, लोक काय म्हणतील, असे वाकून काय बघता. असा माणूस आहे मी. अशा माणसाची लेक आपल्या गाडीवर निर्धास्त बसली तर तिची काय चूक?

गाडी तयार झाली तेव्हा मी तिला म्हणलं, आता सगळं सामान लाद आणि वेरूळला जाऊन ये. घाट चढ, घाट उतर, घृष्णेश्वराला लांबून हात जोड आणि परत ये. तंबू, स्टोव्ह, कपडे, हत्यारं, ट्यूबा, सगळं पेट्यांमध्ये भरून ती सकाळी गेली. दुपारी आली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, पप्पा, वळणावर मागनं हलतंय. मी म्हणलं, ओझं आहे, हलणारच. ती म्हणाली, ओझ्याचं हलणं वेगळं, हे चाक हलतंय. मी खाली वाकलो. मागच्या चाकाच्या नटावर माझी पिवळी रेघ, कालच ओढल्यासारखी सरळ, कुठं केसाइतकी तुटलेली नाही. मला रागच आला. म्हणलं, ये इकडं, बघ ही रेघ, ही सरळ आहे म्हणजे नट जागेवर आहे, तुला काय कळतं? तिनं हत्यारांची पिशवी उघडली, पाना काढला, नटाला लावला आणि ओढला. जोर लावावाच लागला नाही. पाना आपला सुरकन फिरला, झाकण उघडावं तसा. रेघेचा एक तुकडा नटाबरोबर गेला आणि दुसरा लोखंडावर राहिला.

माय, मी तिथंच ताडपत्रीवर बसलो. त्या नटात आतून एक प्लॅस्टिकची कडी असते, तिच्यामुळं ढिला असला तरी तो आपोआप फिरत नाही. एवढ्यावर माझी पोरगी खुलताबादचा घाट उतरून आली होती. नट मी हातानं बसवला, मग कसायच्या आधी माझ्या हातानं पेन घेतलं आणि रेघ ओढली. कधी, ते मला आठवेना. चहा आला तेव्हा? फोन वाजला तेव्हा? मी बसल्या जागी आठवत राहिलो आणि मला फक्त रेघ ओढताना दिसत होती. कसताना काही केल्या दिसेना.

संध्याकाळी माझा लाइनीवरचा सोबती आला. शहागंजकडं राहतो, माझ्या अलीकडं उभा राहून नट कसायचा तो हाच. रिटायर झाल्यापासून अधूनमधून चहाला येतो. त्याला सांगितलं तर आधी पोट धरून हसला. म्हणाला, "अरे, कसने का काम तेरेकू कब था? वो तो मैं करता था. तू बस लकीर मारता था." मीही हसायला गेलो. आणि मग आम्हाला दोघांनाही एकदमच त्याचा अर्थ कळला. एवढी वर्षं माझ्यापुढं आलेला प्रत्येक नट कसलेलाच होता. माझ्या हाताला नट दिसला की तो कसलेलाच दिसतो. तो कसणारा माणूस आता शेजारी नाही, हे डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. लाइनीवर तपासायला तरी पाना लावायचो. घरी, घाबरलेल्या डोक्यानं, तेही कुठंकुठं राहून गेलं. सोबत्यानं चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, चल, सगळं खोलू. आम्ही अंधार पडेस्तोवर एकेक रेघ तपासली. पुढच्या ब्रेकचा एक बोल्ट सापडला. रेघ सरळ, बोल्ट ढिला. पुढच्या ब्रेकचा, माय. तो निघाला असता तर काय झालं असतं, ते मी सोबत्याला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. जाताना गेटपाशी त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मियाँ, तेरा हाथ अब भरोसे का नहीं रहा," असं काहीतरी तो बोलेल असं मला वाटलं. तो फक्त म्हणाला, उद्या येऊ का? मी नको म्हणलं.

तोवर मला रस्त्याची भीती होती, ट्रकवाल्यांची होती, बर्फाची होती, परक्या माणसांची होती. त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली. कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघायचो. गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघायचो. सुनेनं एकदा चिडून विचारलं, आता काय घर खोलून बघणार का. मी मनाशी ठरवलं की आता हे थांबवायचं. मला निमित्तच सापडलं होतं. स्वयंपाकघरात लेक एकटीच पोळीचा लाडू खात उभी होती, तिथं गेलो आणि सरळ म्हणलं, जाऊ नको. गाडीवर माझा विश्वास राहिला नाही, माझ्यावर राहिला नाही, मला रात्रंदिवस भीती वाटते, जाऊ नको. एवढे दिवस जे बोललो नव्हतो ते सगळं एकदम बोलून झालं. तिनं तोंडातला घास संपवला.

"आजी दरवर्षी निघायची, तेव्हा तिला कुणी म्हणलं होतं का, जाऊ नको?" ती म्हणाली.

मी म्हणलं, तिचं पोट होतं त्यावर. मेंढरं उपाशी मेली असती. तुझं काय आहे? तुझी हौस आहे. मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, "हो पप्पा, हौसच आहे. पण माझी आहे." आणि हात धुऊन अंगणात गेली. मी मागोमाग गेलो तर ती ताडपत्रीवर बसून हत्यारं मांडत होती. मला म्हणाली, तुम्ही उठा, तिकडं खुर्चीत बसा, आता सगळी गाडी मी खोलते आणि मीच जोडते. मी म्हणलं, तुला जमणार नाही. ती म्हणाली, मग रस्त्यात कसं जमणार?

तेव्हा मला ती सकाळ आठवली. मी चौथी-पाचवीत असेन. शाळेसाठी मला मामाकडं ठेवून तुम्ही सगळे निघणार होतात. तुला मदत करावी, जाता जाता तू माझं कौतुक करावं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठलो. तट्टाच्या पाठीवर खोगीर टाकलं, दोन्ही अंगाला भांड्यांची पोती सारखी केली, वर घोंगड्या, त्याच्यावर चालू न शकणाऱ्या दोन कोकरांची पाटी, आणि सगळं सुंभाच्या दोरीनं आवळून आवळून बांधलं. बापानं शिकवलेली गाठ होती, पक्की होती. तू आलीस, एकदा बघितलंस, आणि गाठ ओढून सगळं बिऱ्हाड धाडकन खाली पाडलंस. एक पातेलं गडगडत उकिरड्यापर्यंत गेलं. मी रडायला लागलो तर माझ्या हातावर चापट मारलीस. "तू येणार हायस का संगं? नाय ना? मग हात लावू नगं. वाटंत जिला सोडायचं हाय, तिनंच बांधायचं." आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लादायला लागलीस. मी ओट्यावर बसून बघत होतो. तुझा मला लई राग आला होता. माझी गाठ तुझ्या गाठीपेक्षा चांगली होती, हे मी मामाच्या पोरांना कितीतरी दिवस सांगत होतो. तू इतकी कठोर का वागलीस, असं मी बाप झाल्यावरसुद्धा अधूनमधून मनात विचारायचो. गारखेड्याच्या अंगणात उभ्या उभ्या मला तुझं म्हणणं कळलं. पावसात, चिखलात, परक्या शेतात ती दोरी तुझ्या हातांना सोडायची होती. माझी गाठ कितीही पक्की असली तरी ती माझ्या हातांना माहीत होती, तुझ्या नाही. आणि मी तिथं असणार नव्हतो.

मी खुर्चीत बसलो. हात मांडीखाली दाबून बसलो, खोटं नाही सांगत. नाहीतर ते आपोआप पुढं गेले असते. ती सावकाश खोलायची. मी एका दमात करतो ते काम तिला सकाळ पुरायचं. चुकीचा पाना लावायची, पाना घसरायचा, बोटाचं सालपट निघायचं, तोंडात बोट घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा चेनची कडी उलटी बसवली. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि मग अर्ध्या तासानं तिचं तिलाच दिसलं, तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, तुम्हाला माहीत होतं ना? मी म्हणलं, हो. ती हसली, मला हसू आलं नाही. नट कसून झाला की ती पान्यानं पुन्हा एकदा तपासायची आणि खूण करायची. माझं पिवळं पेन तिनं घेतलं नाही. आईची नखपॉलिश घेतली, लालभडक, लग्नात लावायची ती. सून म्हणाली, नवीन बाटली आहे, संपवू नको. तिच्या रेघा वाकड्या यायच्या. एक रेघ सरळ नव्हती, माय. पण प्रत्येक रेघेच्या आधी पाना फिरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तरी भीती गेली नाही. मला वाटलं होतं, तुझं म्हणणं कळलं की भीती जाईल. कळण्याचा आणि भीतीचा काही संबंध नसावा.

आज सकाळी ती निघाली. सुनेनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ते फुटलं. शेजारपाजारचे आले होते, त्यांनी फोटो काढले. ती माझ्या पाया पडली आणि मी तिला काय म्हणलं तर हवा बघत जा टायरची. दुसरं काही सुचलं नाही. गल्लीच्या वळणावर तिच्या ब्रेकचा लाल दिवा लागला, विझला आणि ती गेली. लोक पांगले. सून डोळे पुसत आत गेली. मी तिला बाहेरूनच ओरडून सांगितलं, कोथिंबीर घेऊन येतो, आणि स्कूटर काढली. कोथिंबिरीला मी कधी सकाळी सकाळी गेलेलो नाही. माझी लेक जगाच्या प्रवासाला निघाली आणि मी म्हातारा माणूस तिच्या मागं स्कूटरवर. सिडकोच्या चौकात मला ती दिसली. मी दोन-तीन रिक्षा मध्ये ठेवून मागं राहिलो. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं. छान चालवत होती. आरशात बघायची, हात दाखवायची, ट्रकला घाई न करता ओलांडायची. पेट्यांसकट गाडी सरळ रेषेत चाललेली. मी मनात म्हणत होतो, आता इथून परत फिरायचं, आता पुढच्या पंपापासून फिरायचं, आणि फिरत नव्हतो.

करमाड गेल्यावर थोडं पुढं तिनं डावीकडचा दिवा लावला आणि गाडी डांबरावरून खाली घेतली. मला वाटलं, चाक. तिथं कापसाचा एक ट्रक उभा होता, मी त्याच्या आडोशाला थांबलो. ती गाडीवरून उतरली, गाडीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि एका मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली. हेल्मेट तसंच डोक्यात. हातमोजा काढायला गेली, तो निघेना. दोनदा ओढून बघितला. मग तिनं तो नाद सोडला, दोन्ही हात गुडघ्यांत घातले आणि वाकली. हेल्मेटमध्येच रडत होती. खांदे हलत होते. घरी एवढे दिवस प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असलेली माझी लेक, आमच्या घरापासून फार तर तासाभराच्या अंतरावर, मोरीवर बसून रडत होती, आणि रस्त्यानं जाणारे लोक वळून वळून बघत होते.

मी तिथून हाक मारली असती तर ती आली असती, माय. तिला जन्मापासून ओळखतो मी. तिला त्या वेळी कुणीतरी फक्त चल म्हणायला हवं होतं, ती मुकाट्यानं गाडी वळवून माझ्या मागं घरी आली असती. कुणी तिला हसलं नसतं. तिच्या आईनं काही न विचारता चहा टाकला असता. हाक मारायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं. का मारली नाही, ते मला धड सांगता येत नाही. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात, तसं समजू नकोस. मी ट्रकच्या दोरीला धरून उभा होतो, एवढंच. बऱ्याच वेळानं ती उठली. हेल्मेटची काच वर करून पाणी प्यायली, चूळ भरली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि बसून निघून गेली. ट्रकचा ड्रायव्हर चहा पिऊन आला तर मी तसाच उभा. त्यानं विचारलं, काय काका, गाडी बंद पडली का? मी म्हणलं, व्हय. घरी आलो तेव्हा सुनेनं कोथिंबीर मागितली. विसरलो म्हणलं.

एवढं लिहीपर्यंत लेकीचा फोन येऊन गेला. मेहकरच्या पुढं जेवायला थांबली होती. पिठलं-भाकरी खाल्ली म्हणाली. रस्ता मस्त आहे, गाडी मस्त चाललीय, तुम्ही उगाच घाबरत होतात, पप्पा. आवाज मोकळा होता. करमाडचं काही बोलली नाही, मीही नाही. मी हवा बघितलीस का एवढंच विचारलं.

तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी हा कागद पाठवायचा कुठं? घडी करून फाडून टाकीन, सुनेच्या हाती लागायला नको. तिला मी करमाडचं सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तीही आई आहे, ती विचारील की पोर रडत होती आणि तुम्ही नुसते बघत उभे राहिलात? पुन्हा कधी लेक अशी कुठल्या तरी देशात रस्त्याच्या कडेला बसेल, तेव्हा मी ट्रकच्या आडसुद्धा नसेन. तुला म्हणून सांगतो. फोन ठेवल्यापासून मला सारखं वाटतंय, हाक मारायला पाहिजे होती.